परत घेण्याचे बटण

प्रिय भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत, उरलेल्यांनी केलेला गोड मानून घ्यावा.) आपला रक्तदाब आटोक्यात असेल, ताईने जेवणातले मीठ कमी केले असेल आणि आपण ते गुपचूप वरून घालून घेत असाल, असे गृहीत धरतो. इकडे सर्व ठीक.

आमच्या वाचनालयाचे सॉफ्टवेअर मी आपल्या चिमीला करायला दिले, हे आपल्या कानावर आलेच असेल. चांगली नोकरी सोडून तिने स्वतःचा उद्योग काढला, तेव्हा आपण आधी पुढचा सगळा आराखडा मागितलात, ती म्हणाली की काम करता करता कळेल, आणि तेव्हापासून बापलेकीचे बोलणे ताईमार्फत चालते. आपण जन्मभर पूल बांधले. अर्धा पूल लोकांना वापरायला देऊन ‘कसा वाटतो’ असे विचारता येत नाही, हे मला पटते. म्हणून आपल्या पक्षाचा होऊन मी प्रथम एक परिपूर्ण आराखडा लिहिला. वाचकांचे प्रकार, पुस्तकांच्या अवस्था, पुस्तक हाती असतानाच वाचक निवर्तल्यास ते कोणाकडे मागावे, सगळे अध्यायवार. (शंका आणि समाधानासह.) चिमीने तो भक्तिभावाने चाळला, संगणक जरा उंच व्हावा म्हणून त्याच्याखाली ठेवला आणि म्हणाली, “मामा, आधी छोटंसं काहीतरी वापरून बघू. मग दर आठवड्याला वाढवू.”

पहिल्या सोमवारी जे आले त्यात एकच बटण होते, ‘पुस्तक दिले’. परत घेण्याच्या बटणाचा प्रागभाव होता, म्हणजे ते अजून झालेले नव्हते, पण होणार होते. (न्यायशास्त्र याला अभावच म्हणते, चिमी ‘पुढचा हप्ता’ म्हणते.) परत आलेली पुस्तके तोवर माझ्या खोलीत राहायला आली. गुरुवारपर्यंत माझी खुर्ची दिसेनाशी झाली, आणि मी नाइलाजाने बाहेर वाचकांत जाऊन बसलो. तिथे कळले की लेखक, विषय वगैरे कोणी विचारतच नाही. एक आजोबा रोज येऊन एवढेच सांगतात, “माझं वाचून झालेलं देऊ नका म्हणजे झालं.” माझ्या एकाही अध्यायात याची सोय नव्हती. चिमीने पुढच्याच आठवड्यात ती केली. आजोबा खूश, आणि मी पक्षांतर केले.

नवा भक्त जास्तच घंटा बडवतो, तसा मी उत्साहाने पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवू लागलो. क्रमांकांची पद्धत ठरवणे चिमीने पुढच्या हप्त्यावर टाकले होते, मी दर खोलीत एकपासून सुरुवात केली होती. परिणामी एकच क्रमांक अनेक पुस्तकांवर बसला आणि स्वयंपाकाचे पुस्तक नेणाऱ्या बाईंच्या नावावर शवविच्छेदनाचे पुस्तक लागले. त्या ते परत करायला तयार होत्या. त्यांच्याकडे ते नव्हते. पडद्यावरची चूक चिमीने दुपारच्या चहाआधी सुधारली, डिंकाने मात्र ऐकले नाही. ती जमिनीवर बसून ओल्या फडक्याने चिठ्ठ्या सोडवत होती, एकेका चिठ्ठीबरोबर कव्हरही निघत होते. मग फडक्याकडे बघत म्हणाली, “नंतर जे उखडता येत नाही, ते बाबा आधी विचारतात.” मी दुसरे फडके भिजवून आणले. (ताईला विचारा, असे क्वचित घडते.)

ताईस सप्रेम नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. दुसऱ्या एका वाचनालयाची मंडळी पुढच्या आठवड्यात आमचे काम बघून चिमीला त्यांचे द्यायचे की नाही ते ठरवणार आहेत. क्रमांक त्याआधी लागायला हवेत, आणि ते अजून न बांधलेल्या खोल्यांनाही पुरायला हवेत. असा विचार करणारा माणूस मला एकच माहीत आहे. रविवारी यावे. चिमीला हे पत्र ठाऊक नाही.

पुन्हा ता. क. ठाऊक आहे. तिने आत्ताच वाचून काढले. म्हणते, एवढे लिहीत बसण्यापेक्षा ‘बाबा, या’ इतके आधी पाठवायचे आणि लागेल तसे वाढवायचे. मी म्हटले, संपूर्ण कारणमीमांसेशिवाय ते जागचे हलणार नाहीत. तर कळले की ते दोन शब्द तिने कालच टपालात टाकले आहेत. तेव्हा हे पोचेल तोवर आपण बहुधा इथे डिंक खरवडत असाल. ताई, हे तूच वाचत असशील, तर मिठाची बरणी जागेवर आहे का तेवढे बघ.