मठातल्या पोरीचा ताप

३ नोव्हेंबर
सकाळी विद्याला आंबिवलीला फोन केला. जावईबापूंची कंबर? बरी आहे. विहीणबाईंची साखर? कधी वर, कधी खाली. तुझं डोकं? दुखायला वेळ कुठाय, म्हणाली. रूथचं सगळ्यात शेवटी विचारलं. नातीची तब्येत विचारायचीच हल्ली धास्ती वाटते. श्वासाचा पंप पुन्हा सुरू झालाय.
दम्यापायी शाळा सुटली, आता घरीच शिकते. जावई सॅम्युएलरावांनी यंदा मध्ययुगातल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास घेतलाय. त्यांच्या घरचा धर्म, शिवाय तिचाच हट्ट. धडे ते घेणार, जोडीला वाचायच्या गोष्टी मी निवडायच्या. सातवी पास माणसाला एवढा मान! आमची ही म्हणाली, "पोपना कळवा, त्यांची काळजी मिटली म्हणावं."

६ नोव्हें.
ठाण्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात दुपार घालवली. सगळं इंग्रजीतच. डिक्शनरी पिशवीत होती म्हणून निभावलं. एकात धर्मयुद्धं, नुसती मुंडकी उडतायत. परत ठेवलं. एकात जिवंत जाळलेली बाई. तेही ठेवलं. एकातला संत इतका गुणी की पोर जांभया देईल. शेवटी मठात वाढलेल्या एका अनाथ पोरीची गोष्ट मिळाली. प्लेगमध्ये आजाऱ्यांना पाणी पाजत फिरते. चित्रं सुरेख. शेवट न बघताच घेतलं. गाढवपणा.

११ नोव्हें.
आंबिवली. रू. उशीला टेकून बसलेली. मी इंग्रजीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेलो. छान रंगली. शेवटचं पान उलटलं, तर पोरीलाच प्लेग होतो आणि ती जाते. इकडे रू.चा श्वास शिट्टीसारखा वाजतोय.
भजनी मंडळात पोथी वाचताना आम्ही मरणावर कधी उठत नाही. पुढचं चार ओळी चांगलं वाचायचं, मगच पोथी बांधायची. तोंडाला तीच सवय. इथे पुढे छापलेलं काहीच नव्हतं, तरी वाचलं. ताप उतरला, पोरीने पेज मागितली.
रू. हसली. मला मात्र घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१५ नोव्हें.
सॅ.रावांचा फोन. आवाज मऊ होता, त्यानेच जास्त लागलं. रू.ने निबंधात लिहिलं, मठात प्लेगची मुलं बरी होत आणि पेज मागत. त्यांनी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. म्हणाले, "तुमच्या जागी मीही अडखळलो असतो, नाना. पण आता ती माझ्या धड्यालाही विचारते, हे तरी खरं ना पप्पा?"
उद्या येतो म्हटलं.

१६ नोव्हें.
गेलो. रू. भिंतीकडे तोंड करून पडलेली.
"आजोबा, ती मेली ना?"
हो म्हणालो.
"मग मला का नाही सांगितलं? मीपण मरेन असं वाटलं तुम्हाला?"
नाही म्हणायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. तो न फुटलेला आवाज तिने बरोबर ऐकला. यापुढे माझं मी वाचेन, म्हणाली, तुम्ही नका येऊ सांगायला. विद्याने केलेले पोहे तसेच राहिले.

१९ नोव्हें.
हिला सगळं सांगितलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, "पोरीसाठी कुठे बदललंत? स्वतःसाठी बदललंत." वर बघितलंही नाही.
खरंय.

२३ नोव्हें.
पुन्हा ठाणे. या वेळी दोन पुस्तकं, दोन्ही दुकानात बसूनच शेवटापर्यंत वाचली. मालक म्हणाला, काका, घरी न्यायचं काही शिल्लक ठेवा.
विद्या संध्याकाळी आलेली, तिच्याबरोबर धाडली. आत चिठ्ठी. इथे उतरवून ठेवतो:

रूथ, दम कसा आहे? खरं तेच सांग. मीही खरं सांगेन. एका पुस्तकात ग्रंथांच्या नकला करणारा साधू आहे आणि त्याच्या ओल्या शाईत पाय देणारं मांजर. कोणी मरत नाही. दुसऱ्यात आजोबा आणि नात पायी यात्रेला निघतात. आजोबा वाटेत जातात, नात पुढे पोचते. आधी कुठलं घ्यायचं, की दोन्ही नकोत, ते तू ठरव. शब्द अडला तर मी आहे. त्या दिवशी तू विचारलंस त्याचं उत्तर, हो, भीती वाटली होती. अजून वाटते. रागात का होईना, पण दोन ओळी लवकर लिही.