कार्तिकात या

सालवड,
चैत्र वद्य पंचमी, १९६६

चिरंजीव नामदेवास आक्काचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का? तारापूरच्या बांधकामावरची ती सिमेंटची धूळ वाईट. गूळ चघळत जा.

इकडे बरं आहे. बरं म्हणजे चैत्रात असतं तेवढंच. रानात नुसती कुसळं उरलीत. दिवाळीनंतर कापून रचलेली गवताची गंजी निम्म्याखाली आली. टोणगे दिवसभर पाण्याच्या दिशेला तोंड करून उभे. आपला गुराखी मंगळ्या म्हणतो, "आक्का, यांच्या बरगड्यांवर कपडं वाळत घालू काय?" म्हटलं, आधी तुझ्या घाल. आषाढात कोवळ्या गवतानं त्यांची पोटं बिघडतात, श्रावणात अंग धरतं, आणि कार्तिकात कसे काळे कुळकुळीत दिसतात! मुंबईचे तबेलेवाले नर रेडकं टाकून देतात, त्यांची मी ही जनावरं करते. कार्तिक दाखवल्याशिवाय एकही खाटकाला दिलं नाही.

हे तुला ठाऊक आहे. तरी लिहीत बसले, कारण पुढचं लिहवत नाही. मध्येच दोनदा उठून गोठ्यात जाऊन आले.

परवा एक गृहस्थ आले. टोपी, छत्री, स्वच्छ धोतर. "जनावरं तुमचीच काय?" म्हणाले. मला वाटलं, नवा व्यापारी. चैत्रात खरेदीला येतो म्हणजे अडाणीच असणार. त्यांचा हात धरला आणि टोणग्याच्या शेपटीच्या मुळाशी दाबून दाखवला. "इथं बोट रुतलं पायजे, तवा मांस धरलं म्हणायचं. आता नुसती हाडं हायत. कार्तिकात या, माल बघून खूश व्हाल."

त्यांनी हात धोतराला पुसला. मग विचारलं, "तारापूरचे नामदेव तुमचे कोण?"

नाम्या, तेव्हा मला त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. तुझ्या चिमीचे होणारे सासरे, ते माळकरी! चिंचणीहून घराण्याची चौकशी करत आलेले. आणि तू त्यांना सांगून बसलेला, आक्का दूधदुभतं बघते.

मंगळ्या मागून मान हलवून खुणावत होता, नाय म्हणा, नाय म्हणा. पण तोंडातून निघून गेलं, "पाठचा भाऊ."

"आमी तर दुधाचं ऐकलं व्हतं."

"टोणगा कुठं दूध देतो, दादा?"

हसले नाहीत. चहा ठेवला होता, तो न घेताच गेले.

तू म्हणशील, धंदा सोडते म्हणून त्यांना कळव, सगळं निभेल. नाही सोडणार. आईवेगळी चिमी माझ्याकडे वाढली ती ह्याच धंद्यावर. तिच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली. आज तू मला लपवशील, उद्या सासरी तेच लपवणं तिच्या गळ्यात पडेल, आणि ते जन्मभराचं.

म्हणून एकच मागते. चिंचणीला हातापाया पडायला धावण्याआधी चिमीला तिथं समोर बसवून सगळं सांग. लग्न करायचं की मोडायचं, आत्याला मांडवात बोलवायचं की नाही, तिला ठरवू दे. "नको" म्हणाली तर तिच्यावर ओरडू नकोस. मीही रुसणार नाही. फक्त तिच्या तोंडचं कळव, तुझं नको.

आधी तिची आत्या, मग तुझी आक्का,
साखरबाई