फ्राउ एबरले मेर्सबुर्गला जातात

श्टुटगार्ट, १२ जून १९६१

तीर्थस्वरूप कुसुमअक्का,

धाकट्या श्रीरंगाचा इथूनच वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? मी उत्तम. (कालपासून खांदे धरलेत, त्याचं कारण पुढे येईलच.)

माझ्या घरमालकीण फ्राउ एबरले. नवरा ओट्टो लढाईवर गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून सतरा वर्षं बाई दुधाचं दुकान आणि चर्च यापलीकडे गेलेल्या नाहीत. परवा मी सहज विचारलं, मेर्सबुर्ग बघण्यासारखं आहे का? (मोठ्या तळ्याकाठचं जुनं गाव, वर किल्ला.) "लग्न झाल्यावर आम्ही तिथेच गेलो होतो," एवढंच म्हणाल्या आणि बटाटे सोलत राहिल्या. नको म्हणतील या खात्रीनं मी म्हटलं, "मग चला की माझ्याबरोबर!" रविवारी सकाळी सहाला बाई टोपी घालून माझ्या दाराशी हजर.

आगगाडीतून उतरल्यावर बोटीची पाटी मीच वाचली (जर्मनमधून प्रबंध लिहितो ना!) आणि आम्ही ऐटीत चढलो. बोट लागली ती तळ्यापलीकडे, थेट स्वित्झर्लंडला. माझा पासपोर्ट घरी ट्रंकेत. धक्क्यावरचा अधिकारी मला उतरू देईना. बाईंनी त्याला असं फैलावर घेतलं, की त्यानं मुकाट्यानं आम्हाला परतीच्या बोटीत बसवलं, वर स्वतःच्या डब्यातल्या चेरी दिल्या. बाईंच्या त्या गावठी जर्मनमधलं "हा माझा मुलगा आहे" एवढंच मला समजलं. (अधिकाऱ्यानं माझ्या रंगाकडे पाहिलं, पण वाद घातला नाही.)

मेर्सबुर्गला पोचेतो संध्याकाळ. किल्ल्याच्या निम्म्या पायऱ्यांवर बाईंचे गुडघे धरले. मग मी त्यांना पाठुंगळी घेतलं. (अक्का, त्या माझ्या दीडपट आहेत.) धापा टाकत वर पोचलो, तर किल्ला नुकताच बंद झालेला. मी ओशाळलो. बाई मात्र कठड्याशी उभ्या राहून कितीतरी वेळ तळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "इथे मी ओट्टोशी भांडले होते. आइसक्रीमवरून." आणि हसत सुटल्या. हसता हसता रडल्या, आणि रुमाल मात्र माझ्या हातात दिला. हो, अक्का, मीही रडत होतो.

तुझा,
श्रीरंग

ता. क. – पाठुंगळीचं आईला सांगू नकोस. मुलगी कुणाची म्हणून विचारत बसेल. बाई पंचावन्न वर्षांच्या आहेत.

आणखी ता. क. – भावोजींना जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही दोघं हर्णैला जायचं म्हणत होतात, ते राहिलं. सुधीरदादाला लिहिलंय, तो तुला घेऊन जाईल. नाही म्हणू नकोस. तिथून मला एक कार्ड टाक. "पोचले" एवढंच लिहिलंस तरी पुरे.