रेच्यावरची सहा नावं

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार

कापसातली सरकी काढायचे नवे डबल रेचे आले. सहा मोठ्या पेट्या, गाड्यांवरून उतरवता उतरवता दुपार झाली. यांच्यावर एक बाई दोघींचा कापूस ओढील. जिनात आज बावीस बाया आहेत. म्हणजे सहा जणी नकोत.

पेट्या बघताना हे जणू आजच कळलं असं मनाशी म्हटलं. खोटं! उन्हाळ्यात ऑर्डरवर सही केली तेव्हाच ठाऊक होतं.

१० नोव्हेंबर

भैयाजींकडे जाऊन आलो. मालक ते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हापासून वर्षभर कारखाना माझ्यावर आहे.

"नावं काढली काय, बंडोपंत?"

म्हटलं, बायांनाच विचारावं म्हणतो. अर्ध्या तोंडाने हसले. "विचारा भाई. कॉलेज शिकलेले तुमी!"

मी त्यांचा कारकून होतो तेव्हा एकदा त्यांनी आठ बाया काढल्या होत्या. दारात उभे राहून, तोंडातलं पान संपायच्या आत. कोणाला विचारलं नाही, कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जिनात गाणं —

भैयाजीचा रेचा बाई, खादाड कसा मोठा
कापूस गिळे, बाया गिळे, तरी रिकामा कोठा

रेच्यांच्या घरघरीवर आवाज चढवून गात. भैयाजी दिवाणखान्यात बसून ऐकत. मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती. मी असा वागणार नाही, हे त्याच दिवशी ठरवलं होतं.

१२ नोव्हेंबर

आवारात सतरंजी अंथरली. माझ्यासाठी आणलेली खुर्ची परत पाठवली. खाली बसून सगळं समजावून सांगितलं — पहिल्या तारखेपासून सोळा जणीच लागतील, कोण राहावं हे तुम्ही मिळून ठरवा.

पहिली बोलली धुरपता. चार नंबरच्या रेच्यावर एकवीस वर्षं आहे, सगळ्यांना तिनेच शिकवलं, गाणंही तीच उचलते. खोकला आवरून म्हणाली,

"आमी ठरवाचं? आमच्यातल्या कोणाले काढाचं ते?"

"हो. तुम्ही एकमेकींना ओळखता."

"वळखतो. तेच तं!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो. तीन दिवसांची मुदत दिली.

घरी येताना फार हलकं वाटलं. इतकं का वाटावं?

१५ नोव्हेंबर

धुरपताने नावं सांगितली. भिंतीकडे बघून, एकेक. मी लिहून घेतली. तिसरं नाव सुंदरा.

सुंदराचा नवरा नागपूरला गेला तो परतला नाही. नणंदेच्या घरी राहते. ती नणंद, जिजा, तीही आमच्याच जिनात. सुंदराच्या नावाला पहिला हात जिजाचाच वर गेला म्हणतात.

बाकीची पाच नावं पुन्हा वाचली. एकीच्याही घरी भांडायला येईल असा माणूस नाही. एक केळझरहून पायी येते, तिचं तर गावच वेगळं. काम कोणाचं बरं, कोणाचं वाईट, याचा विचार झालेला दिसत नाही. ज्यांना काढलं तर कोणी दारात येणार नाही, अशा सहा निवडल्या.

पण त्यांनी निवडल्या. मी नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

१६ नोव्हेंबर

आज जिनात गाणं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

आजही नाही. नुसते रेचे घरघरतात.

महिनाअखेरपर्यंत बावीसही कामावर आहेत. पण पाण्याचे माठ दोन झाले. एक सोळा जणींचा, एक सहा जणींचा. जिजाच्या घरात चुलीही दोन झाल्या, असं गाडीवाला मंगरू सांगत होता.

धुरपताला बोलावून विचारलं, हे काय चाललं आहे? पदराने तोंड पुसत म्हणाली,

"तुमी आमाले विचारलं नाई, साहेब. तुमच्या डोक्यावरचा बोझा आमच्या डोक्यावर ठेवला. आता आमी कोणाले शिव्या देवाच्या?"

मला राग आला. खरंच आला. तिला "जा" म्हटलं.

२० नोव्हेंबर

भैयाजींना सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

"गाणं बंद पडलं? मंग चुकले तुमी."

म्हटलं, तुम्ही एकटे ठरवत होता, ते बरोबर होतं का?

"मले जास्त समजे म्हणून नोहतो ठरवत, भाऊ. माणूस काढला का शिव्या निघतेच. त्याईले कुठंतरी जावं लागते. माह्याकडे येत. तुमी दरवाजा लावून घेतला, मंग त्या घरातल्या घरात फिरून राह्यल्या."

"आणि न्याय?"

"न्यायाचं मले पुसू नका. त्या आठ जणींत दोघी तं माह्या चुकीनंच गेल्या. पन ते चूक माही होती. कोनाच्या वाट्याले नाई देल्ली."

२१ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घरीच. बायांची यादी फाडली. दुसरी केली. प्रत्येक नावापुढे कारण लिहिलं, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

त्यांच्या सहांपैकी तीन नावं यादीत राहिली, तीन बदलली. सुंदरा कामावर राहील. तिच्याइतका स्वच्छ कापूस दुसरी कोणी ओढत नाही.

धुरपता जाईल. कारण: खोकला. कापसाची धूळ तिला आणखी दोन हंगाम पेलायची नाही. डॉक्टरांनी मला हे मागच्या वर्षीच सांगितलं होतं.

हे कारण लिहिलं आणि थांबलो. त्या दिवशी ती जे बोलली ते बोलली नसती, तर तिचं नाव घातलं असतं का? तासभर विचार केला. घातलं असतं असं वाटतं. वाटतं — याहून पुढे जाता येत नाही. नाव तसंच ठेवलं.

२२ नोव्हेंबर

सकाळी जिनाच्या दारात उभा राहून नावं वाचली. उभ्यानेच. म्हणालो, "तुमची यादी मी मानली नाही. ही माझी आहे."

धुरपता पुढे आली. "एकवीस वर्सं! अन् मलेच काऊन?"

"तुमचा खोकला."

"खोकला माहा हाये! तुमी कोण त्याचे?"

मग तिने जे म्हटलं ते इथे लिहवत नाही. माझ्या आईपर्यंत गेली. सगळ्या जणी ऐकत होत्या. मी खाली पाहिलं नाही, एवढंच.

दुपारी तिच्याभोवती सगळ्या बसलेल्या दिसल्या. जिजा आणि सुंदराही.

२९ नोव्हेंबर

माठ एकच आहे. कधीपासून, ते लक्षात आलं नाही.

माझ्याशी कोणी बोलत नाही.

१ डिसेंबर

नवे रेचे सुरू झाले. नारळ मी फोडला. धुरपताच्या घरावरून येताना पाय रेंगाळले. आत खोकत होती. दार वाजवलं नाही.

३ डिसेंबर

जिनात गाणं! आवारात थबकलो.

बंडोपंताचा टाक गं बाई, शाई त्याची काळी
सहा नावं खोडली त्यानं एकाच सकाळी

शेवटपर्यंत ऐकलं. गाणं सुंदराने उचललं होतं.