वड वाचवण्याची माझी पद्धत

५ जानेवारी १९७९
दिंडोरी रोडची झाडं जाणार. पुढे सिंहस्थ आहे, साधूंच्या मिरवणुकांना रस्ता रुंद हवा. माझ्या फाटकासमोरच्या वडावर आज चुन्याची फुली मारून गेले. मी टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर म्हणून रिटायर झाले आहे. भल्याभल्यांचे कॉल मी मध्येच तोडलेत. ही फुली म्हणजे काहीच नाही.
संकल्प: फक्त कायदेशीर मार्ग. फक्त इंग्रजीत.

१९ जानेवारी
पुन्हा रस्त्याच्या ऑफिसात. ओव्हरसियर आहेर सभ्य माणूस, भांडायला काही निमित्तच देत नाही. म्हणाला, मॅडम, तुमचं इंग्रजी फार छान आहे, पण झाड नकाशात रस्त्यात येतं. मी म्हटलं, मग नकाशा सरकवा. तर म्हणाला, नकाशा फक्त देवासाठी सरकतो, देऊळ असलं की आम्ही वळसा घालतो. आणि हसला.
मी हसले नाही. मी विचार करत होते.

२ फेब्रुवारी
म्हसरूळकडच्या चिंचा पाडल्या. तिथली सगळी पाखरं संध्याकाळी समोरच्या वडावर आली. आधीची जागा देईनात. साळुंक्या, पोपट, कावळे, सगळे एकेका फांदीवर. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात एक्स्चेंजच्या बोर्डावरचे दिवे एकदम पेटायचे आणि प्रत्येक दिव्यामागे कोणीतरी कुणालातरी शोधत असायचं. तसा आवाज. अंधार पडला तरी मिटेना.
या घरात दुसरं कोणी बोलत नाही. झाड राहिलंच पाहिजे.

९ फेब्रुवारी, पहाटे
जे केलं ती अंधश्रद्धा नव्हे, स्ट्रॅटेजी. फाटकाला अडकण म्हणून ठेवलेला दगड धुतला. पंचवटीतून शेंदूर आणला होता. दुकानदाराला सांगितलं, फाटक रंगवायचंय. तेलात कालवला, फासला, दगड बुंध्याशी नेऊन ठेवला. वर दोन जास्वंदी. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेसनी पाहिलं असतं तर हातावर पट्टी बसली असती.
नखातला शेंदूर निघत नाहीये.

१२ फेब्रुवारी
यश. सिंधुबाई भांडी टाकून धावत आली. बाई, वडाखाली देव निघाला! मी आश्चर्याचा चेहरा केला. तर म्हणते, आणि आपल्या फाटकाचा दगड कुठं गेला हो, फाटक आपटतंय. मी म्हटलं, चोरीला गेला. म्हणाली, काय बाई लोक, दगडसुद्धा सोडत नाहीत.
दुपारी आहेर आला. चपला काढल्या, नमस्कार केला, नकाशावर वळसा काढून गेला.
दोन पैशांचा शेंदूर. माझ्याइतकं व्यवहारी माणूस या गावात नाही.

४ एप्रिल
झाडाखालचा पंक्चरवाला बहिरू आता पुजारी. म्हणतो, बाई, लय कडक देव हाय, हात न जोडता गेलेला ट्रक पुढच्या वळणाला पंक्चर. मी विचारलं, पंक्चर काढतं कोण? म्हणाला, मीच, ती बी देवाचीच सेवा.
झाड उभं आहे, एवढंच मला हवं. ट्रकचा धक्का बसू नये म्हणून पदरच्या पैशांनी सिमेंटचा पार बांधून दिला. बुंध्याला अगदी घट्ट, मुंगी शिरायला जागा नाही. पक्कं काम.

१० जून, वटपौर्णिमा
सकाळपासून बायकांची रीघ. जिला थांबायला वेळ नाही ती फांदीच मोडून घरी नेते. मी काठी घेऊन उभी राहिले. शेजारची मालनबाई म्हणाली, मावशी, तुम्हाला नवरा नाही, तुम्हाला काय कळणार यातलं. चोख उत्तर सुचलं, पण दुपारी.
हात पोचेल तिथवर झाड पिसं काढलेल्या कोंबडीसारखं दिसतंय. एवढ्या मोठ्या झाडाला एवढ्याने काही होत नाही.
संकल्प: पुढच्या वर्षी बंदोबस्त.

२१ सप्टेंबर
पानं पिवळी. पानगळ असणार. नॉर्मल.
बुंध्यात खिळे. लांबलांबून लोक येतात, अंगातलं भूत इथे ठोकून जातात. बहिरू म्हणतो, खिळा बसला की भूत जागचं हालत नाय. मी पक्कड घेऊन उपटायला लागले तर बायका पोरांना पोटाशी धरून किंचाळत पळाल्या. कुणाकुणाची भुतं मी मोकळी करत होते म्हणे. बहिरूने ते खिळे पुन्हा ठोकले, आणि खबरदारी म्हणून आणखी काही.
लाउडस्पीकर लावल्यापासून पोपट आलेले नाहीत. साळुंक्या येतात. अगदी शेंड्याला, एकमेकींना चिकटून बसतात आणि बोलत नाहीत. रिसीव्हर उचलावा, पलीकडे कोणीतरी आहे हे कळावं, आणि त्याने तोंड उघडू नये, तसं.

६ जानेवारी १९८०
वाळकी फांदी देवावर घातलेल्या पत्र्याच्या छपरावर पडली. देवस्थान कमिटीची सभा झाली. ठरलं की झाड पाडायचं, देवावर पक्का घुमट चढवायचा.
मी उठले. स्पष्ट सांगितलं, हा दगड माझ्या फाटकाचा आहे, शेंदूर मी फासलाय, झाड वाचावं म्हणून. एक शब्द लपवला नाही. मग बहिरूने खाली वाकून माझे पाय धरले. म्हणाला, आई, म्हंजे देव इतकी वर्षं तुमच्याच दारात होता, अन् तुम्ही त्याला आमच्यासाठी भायेर आणलात!
मग रांग लागली. मालनबाईसुद्धा पाया पडली. मी कोणालाही आशीर्वाद दिला नाही. एकीच्या डोक्यावर हात चुकून टेकला.

१३ फेब्रुवारी
उद्या पाडणार.
पारावर कोणी नाही असं बघून गेले. देवाला म्हटलं, राहू दे ते झाड. नारळ ठेवला. केवळ प्रयोग म्हणून.

१४ फेब्रुवारी
पाडला.
जेवण झाल्यावर आहेर आला. म्हणाला, मॅडम, जिंकलात तुम्ही. वळसा पक्का. त्या जागेला आता कोणी हात लावणार नाही. मी थँक यू म्हटलं. चहाही दिला.
पुढच्या खोलीत मागच्या भिंतीपर्यंत ऊन आलंय. या घरात इतकं ऊन कधीच नव्हतं. सगळ्या वस्तू दुसऱ्या कुणाच्या वाटतात.
संध्याकाळ व्हायच्या आत पंचवटीत निघून गेले. भाजी आणायची होती. अंधार पडल्यावर परतले. भाजी आणली नाही.

१५ फेब्रुवारी
आजही पंचवटी. आजही अंधार पडल्यावर परत.
उद्या सूर्यग्रहण. सगळे दारं लावून बसणार. संकल्प: काजळी धरलेली काच घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहणार, सर्वांदेखत चहा पिणार. या लोकांना कोणीतरी शिकवलं पाहिजे की सावली ही फक्त सावली असते.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच
रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. देवाला पडदा, बहिरू आत. काच तयार, चहा कपात ओतलेला. फाटकापर्यंत गेले.
मग ऊन राखेसारखं झालं. गार वारा सुटला. आणि साळुंक्या आल्या. त्यांना वाटलं दिवस संपला. कुठून कुठून आल्या, पोपटही आले, जे सप्टेंबरपासून आले नव्हते. फांद्या होत्या त्या उंचीला आले, आणि बसायला पाय खाली सोडले.
खाली काही नव्हतं.
पुन्हा वर गेले. पुन्हा फिरून आले, पुन्हा पाय सोडले. एकही ओरडलं नाही. रिकाम्या हवेत अख्खं झाड भरून पाखरं फिरत होती, आणि मी फाटक धरून उभी. काच डोळ्याला लावलीच नाही. सूर्याचं काय झालं मला माहीत नाही.
मग उजाडलं. त्यांना सकाळ झाली असं वाटलं असावं. निघून गेली, शेतांकडे. रात्र त्यांनी अशी काढली.
लोक बाहेर आले. बहिरूने देवाला आंघोळ घातली आणि मला विचारलं, आई, काय दिसलं? मी म्हटलं, काही नाही.
भाजीची पिशवी घेऊन दारात बसले आहे. पंचवटीला जायचं तर आत्ता निघायला हवं. पाय उचलत नाहीत. ऊन उतरायला लागलंय. आजची खरी संध्याकाळ अजून व्हायची आहे.