काफिल्याचा अर्थ

पौष व. ३, शके १७८५. अमरावती.
अकोल्याहून अण्णांचं पत्र, अक्षर परक्याचं. म्हणजे डोळे आता अगदीच गेले. 'कोश क वर अडला आहे. लेखनिक मिळेना. चार महिने माझी मुलगी पाठवा.' सासूबाई म्हणाल्या, "बापाचे डोळे गेले तर मुलीनं जायला पाहिजे. पाडव्याला मात्र घरी." ह्यांनी कचेरीतून ही कोरी वही आणून दिली. आनंदानं जेवण गेलं नाही.

पौष व. ६. बडनेरा.
निघालो. सोबतीला धाकटे भाऊजी. लांब कुठे लढाई चालू आहे म्हणून कापसाला सोन्याचा भाव, रस्ताभर गाड्याच गाड्या. आमच्या पुढंमागं चाळीस तरी असतील. सगळ्यांचा पुढारी म्हातारा रहीममियाँ. त्याची बायको, सगळे बडी बी म्हणतात, माझ्याच गाडीत. सबंध वाट पान आणि बडबड. केसांत कापूस, नाकात कापूस.

पौष व. ८. मूर्तिजापूरच्या अलीकडे.
एका गाडीचा आस मोडला. सगळ्या थांबल्या. भाऊजी चिडले, "एकीसाठी चाळीस कशाला? आपण पुढे होऊ." मियाँ शांतपणे म्हणाला, "जा ना बापा. पन मंग तुमी आमच्या काफिल्यातले नाई." भाऊजी मुकाट्यानं बाभळीखाली जाऊन बसले. सुतार येईपर्यंत दुपार. सगळ्यांनी मिळून भाकरी खाल्ल्या, मी माझ्या फराळाचे लाडू वाटले.
काफिला! अण्णांनी पत्रात विचारलेल्या शब्दांत हाच पहिला. अर्थ त्यांनी दिला आहे, 'मिळून प्रवास करणारे'. व्युत्पत्तीची जागा कोरी.

पौष व. ९. काटेपूर्णेच्या काठी.
बडी बीला विचारलं. तिचे वडील बाळापूरला मौलवी होते, मुलांसोबत तिलाही अरबी शिकवली. हे ती इतक्या सहज बोलली की मी तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटत होतं अशी मी एकटीच.
म्हणाली, "काफिला म्हंजे वापस येनारे."
"पण हे तर जाऊन राहिलेत. त्यांना परतणारे कसं म्हणायचं?"
"निघतानीच तसं म्हनाव लागते, बेटी. म्हंजे समदे घरी येतात. शकुन हाय तो."
चालत्या गाडीत लिहिलं. अक्षर गिचमिड, पण वाचता येईल.

पौष व. १०. अकोला.
घर. अण्णांनी माझा चेहरा हातांनी चाचपला, "वाळलीस" म्हणाले. आईनं दृष्ट काढली. पाय धुतले न धुतले तोच मी काफिल्याचं सांगितलं. अण्णा आक्रसले. "गाडीवाल्याच्या बायकोचं प्रमाण कोशात कसं धरू?"
मी म्हटलं, "तिला तिच्या वडिलांनी शिकवलं. मला तुम्ही."
ते संध्या करायला उठले.

पौष व. ११.
सकाळी अण्णा आपणहून, "त्या बाईंना बोलाव." बैलांना नाल मारायचे म्हणून गाड्या दोन दिवस इथंच आहेत. बडी बी आली, ओट्यावर बसली. अण्णा दाराच्या आत, मी उंबऱ्यावर वही घेऊन. ती म्हणाली, हा क घशातून निघतो. अण्णांनी तीनदा घशातून काढून पाहिला, चौथ्यांदा ठसका लागला. आई तोंडाला पदर लावून हसत होती. तिला असं हसताना पाहून किती दिवस झाले.
मग बडी बी म्हणे, "तुमचं कुलूपबी त्याच धातूतलं. आमचं कुफ्ल." कुलूप अण्णांनी 'कुल'वरून, म्हणून संस्कृत लिहिलं होतं, सबंध पान खर्चून. मला वाटलं आता रागावतील.
"खोड ते पान," म्हणाले, आणि मांडीवर थाप मारली. "दहा वर्षं चुकीचं घेऊन बसलो होतो गं मी."
पुढं लिहायला सांगितलं: 'आधार, बडी बी, बाळापूरच्या मौलवींची कन्या.' तिला वाचून दाखवलं. ती पान लावायचं विसरली.

माघ शु. ५.
रोज चाळीस-पन्नास शब्द. आज 'किल्ला' झाला. शाई पुरत नाही.

माघ व. १२.
आज क संपला. आईनं शिरा केला. अण्णा म्हणाले, तेहतीस अक्षरं राहिली, आणि जवान माणसासारखे हसले.

फाल्गुन व. ९.
खामगावकडून रहीममियाँच्या गाड्या रिकाम्या आल्या. बडी बीचा निरोप, उद्या पहाटे अमरावतीस निघणार, तुझी जागा ठेवली आहे. ह्यांचंही पत्र आलं: 'आई पाडव्याची वाट पाहते आहे. पण काम अर्धं टाकून यावंस असं मी म्हणणार नाही. तुझं तू ठरव.' असं मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं. तीनदा वाचलं.
अण्णांना दोन्ही सांगितलं. गाठोडं बांधून ठेवलंय, ठरवलं मात्र अजून काही नाही. आतून त्यांचा आवाज येतोय, 'घ'चे कागद कुठे ठेवलेस म्हणून. देऊन येते.