मी न पेरलेली चूक

आर्वी, मंगळवार, १० नोव्हेंबर १९९८

मंजूला हातच्याची वजाबाकी शिकवताना मी रोज एक चूक मुद्दाम पेरतो. लेकीनं ती पकडली की लिमलेटची गोळी. आज खालच्या सहातून वरचा एक वजा करून ठेवला होता. तिनं लगेच पकडलं. वर म्हणाली, "बाबा, दुसरी बी सापडली! बावन्नातून सत्तावीस गेले तर पस्तीस कसे?"

दुसरी मी पेरलीच नव्हती.

चूक झाली, होते. आम्ही वार्ताहर तर लोकांच्या चुकांवरच जगतो. पण पाटीकडे बघत राहिलो तरी ती मला दिसेना. बोटाखाली होती, तरी दिसू नये? शेवटी तीच म्हणाली, "दशकातून एक घेतला ना तुम्ही? मंग पाचाचे चार काऊन नाई केले?"

आबांचं, माझ्या वडिलांचं, असंच सुरू झालं होतं. रोजच्या स्तोत्रातली एक ओळ गळायची, आणि दाखवली तरी त्यांना सापडायची नाही. पुढे मीच त्यांना सापडेनासा झालो.

मघाशी 'देव' शब्द सगळ्या विभक्तींतून चालवून पाहिला. बिनचूक. जरा हायसं वाटलं. मग आठवलं, आबांनाही तो शेवटपर्यंत येत होता.

हिला सांगू का? काय सांगू? मंजूनं तर तेव्हाच स्वयंपाकघराकडे ओरडून सांगितलं, "आई, बाबानं आज दोन चुका टाकल्या!" ही हसली. मीही हसलो आणि दुसरी गोळी दिली. गोळी गालात धरून पोरगी म्हणते कशी, "उद्या बी अशीच कठीण टाकजा, बाबा."

टाकतो म्हणालो.